साठ हजार पुड्यांचा रंग

जुलैची चौदा तारीख, शुक्रवार, सकाळचे साडेदहा. अकरा हजार रुपये, शंभराच्या एकशे दहा नोटा. हजर माणसं चार: माझे वडील अण्णा, त्यांची मोठी बहीण अक्का, छपाईच्या कारखान्यातून आलेले देवधर आणि मी. टेबलावर सहा पुड्या आणि एक वांगं. त्या दिवशीचं मला सगळं आठवतं, फक्त आपल्याला काय वाटत होतं तेवढं आठवत नाही. बहुधा काहीच वाटत नव्हतं. आई जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते आणि घरात कोणी मोठ्यानं रडलं नव्हतं. आम्ही जेवत होतो, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला जात होते, अण्णा स्कूटरवर खोकी बांधून दुकानोदुकानी जात होते, आणि महिन्याला दोन हजार पुड्या मेतकूट घरातून बाहेर पडत होतं.

आमचं घर जयनगरच्या एका मागच्या गल्लीत होतं. आमचे पूर्वज या गावात कधी आले ते कोणाला नीट सांगता येत नाही, इतक्या पिढ्या झाल्या. मराठी फक्त घरात. दार उघडून रस्त्यावर पाय ठेवला की कानडी. अक्का म्हणजे खरं तर माझी आत्या, पण अण्णा तिला अक्का म्हणत, म्हणून आई म्हणे, म्हणून मीही. लग्नानंतर चार वर्षांत ती परत आली ती कायमची. मेतकुटाला इथले लोक मेंत्यद हिट्टु, म्हणजे मेथीचं पीठ, म्हणतात आणि आमच्याइतकंच आवडीनं खातात, त्यामुळे धंदा चालला. आई भाजायची आणि मोजायची, अक्का छापायची, अण्णा विकायचे. हरभऱ्याची डाळ भाजली जाताना येणारा गोडसर वास, मग उडदाचा जरा जड वास, शेवटी मेथ्यांचा कडू वास, या क्रमावरून मला डोळे मिटूनही किती वाजले ते सांगता आलं असतं. आई सगळं वजन करून घेई. हिंगसुद्धा ती सोनाराकडच्यासारख्या छोट्या तराजूत तोले. अक्कानं मात्र जन्मात कधी काही मोजलं नाही. तिचं काम नजरेचं.

मागच्या व्हरांड्यात तिचं छपाईचं टेबल होतं. लाकडी चौकटीवर ताणून बसवलेलं बारीक जाळीचं कापड, त्यावर वाटीचं चित्र आणि अक्षरं. खाली पांढऱ्या जाड कागदाची रिकामी पुडी ठेवायची, जाळीवर रंग ओतायचा आणि रबराच्या पट्टीनं एका दमात ओढायचा. खर्र, असा आवाज यायचा. मग चौकट उचलण्याचा टक्. खर्र, टक्. माझा अभ्यास त्या आवाजात झाला. रंग एकच, वांगी. कागदाचा पांढरा उघडा राहील तिथे अक्षरं दिसत. पहिल्या वेळी रंग करताना अक्का म्हणाली, वांगी म्हणजे नेमका कसा? तेव्हा आईनं परडीतलं एक वांगं उचलून तिच्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, ‘असा.’ तेव्हापासून छपाईच्या पहिल्या दिवशी बाजारातून एक ताजं वांगं यायचं, टेबलाच्या कोपऱ्यावर बसायचं आणि त्याच्याकडे बघत अक्का पातेल्यात निळी, तांबडी आणि पांढरी शाई एकत्र करायची. संध्याकाळी त्या वांग्याबरोबर आणखी चार चिरून भाजी व्हायची. दर महिन्याला, न चुकता. अण्णांना वांगं आवडत नसे. ‘पुडीचा रंग दोडक्याचा ठेवला असता तर बरं झालं असतं,’ असं ते दर महिन्याला म्हणत आणि दर महिन्याला खात.

आणखी एक रीत होती. प्रत्येक खेपेची पहिली पुडी विकायची नाही. ती देवासमोर ठेवायची, तिला कुंकू लावायचं आणि दुसऱ्या दिवशी आई ती पत्र्याच्या ट्रंकेत टाकायची. टाकण्याआधी मागच्या बाजूला पेन्सिलीनं खेपेचा आकडा लिहायची. ट्रंकेत एकशे एकवीस पुड्यांवर आईचं अक्षर होतं. नंतरच्या पुड्यांवर माझं.

सुरुवात झाली ती एका परत आलेल्या खोक्यापासून. चौथ्या ब्लॉकजवळ एक मोठं दुकान निघालं होतं. गिऱ्हाइकानं स्वतः फळीवरून माल उचलायचा, अशा तऱ्हेचं. तिथे माल लागला म्हणून अण्णा पंधरा दिवस खुशीत होते, म्हणजे तेव्हा जेवढे खुशीत असत तेवढे. मग जूनमध्ये तिथल्या मॅनेजरनं अठ्ठेचाळीस पुड्यांचं खोकं परत दिलं. एकाच फळीवर दोन महिन्यांच्या पुड्या शेजारी शेजारी लागल्या होत्या आणि गिऱ्हाईक विचारत होतं की यातली खरी कुठली. ‘म्हणाला, सार, एक तुमची, दुसरी कोणाची? नक्कल निघाली काय?’ अण्णा खोकं खाली ठेवत म्हणाले. मॅनेजरनं त्यांना सांगितलं होतं की गणपतीपर्यंत पुडी कारखान्यात छापून आणा, सगळ्या एकसारख्या, हवा न शिरणाऱ्या पाऊचमध्ये, तर महिन्याला तीन हजार घेतो. नाहीतर फळी दुसऱ्याला देतो.

अक्का दारात उभी राहून ऐकत होती. तिनं एक पुडी उचलली, उजेडात धरली आणि म्हणाली, ‘काय वाईट आहे हिला? डोळे फुटलेत त्याचे.’

आठवड्यानं देवधर आले. पुण्याहून येऊन इथे तीन वर्षं झाली होती, मारतहळ्ळीला राहत होते, आणि घरात मराठी ऐकून त्यांना फार बरं वाटलं. पहिली दहा मिनिटं ते त्याबद्दलच बोलले. ‘तुमच्या मराठीत कानडी बरंच आहे हं,’ असं म्हणाले. अक्का म्हणाली, ‘तुमच्यात इंग्लिश आहे ते स्वल्प कमी करा, मग आम्ही कानडी कमी करतो.’ ते हसले. माणूस सरळ होता. आपला माल खपवण्याआधी त्यांनी सगळे पर्याय नीट सांगितले, आणि मी वहीत लिहून घेतले. ती वही माझ्याकडे अजून आहे.

पहिला पर्याय, आहे तसंच, स्क्रीनवर, हातानं. ठसे नको, किमान माल नको, पण दिवसाला तीनशे पुड्यांच्या वर एका माणसाचा हात चालत नाही आणि रंग माणसावर अवलंबून. दुसरा, फ्लेक्सो. ‘रबरी शिक्क्यासारखं समजा. मोठा शिक्का रुळावर गुंडाळलेला. स्वस्त पडतं. चार रंगांचे चार ठसे, सहा हजारांत होतील, पन्नास किलो माल घेतला तरी चालेल. पण शिक्का उठतो तेव्हा कडेला थोडा पसरतो ना, तसं बारीक अक्षर जरा फुगतं. रंगही थोडा वरखाली होतो.’ तिसरा, ग्रेव्हर. तांब्याच्या सिलिंडरवर चित्र कोरायचं, त्या बारीक खड्ड्यांत शाई भरते आणि प्लास्टिकच्या फिल्मवर उतरते. एका रंगाला एक सिलिंडर. प्रत्येकी साडेपाच हजार, चार रंगांचे बावीस हजार, निम्मे आगाऊ. आणि माल किमान दोनशे किलो.

‘चार कशाला?’ अक्कानं विचारलं. ‘वांगी एक, मेतकुटाला पिवळा एक, बारीक अक्षराला काळा एक. चौथा?’

‘पांढरा.’

‘पांढऱ्याचेपण पैसे?’

‘फिल्म पारदर्शक असते, बाई. पांढरासुद्धा छापावा लागतो.’

‘आमच्याकडे पांढरा फुकट होता,’ अक्का म्हणाली आणि आत गेली.

मी हिशेब केला. एका किलोत साधारण तीनशे रिकामे पाऊच बसत होते, म्हणजे दोनशे किलोचे साठ हजार. आमच्या तेव्हाच्या खपानं ते अडीच वर्षं पुरले असते. दुकानानं शब्द पाळला तर एक वर्ष. फ्लेक्सोत पंधरा हजार पाऊचवर भागत होतं आणि चूक झाली तर ती तीन महिन्यांत खपून गेली असती. मी अण्णांना म्हटलं, फ्लेक्सो घेऊ. अण्णांनी वही बघितली, बेरीज बरोबर आहे म्हणाले, आणि मग देवधरांना विचारलं, ‘ग्रेव्हरमध्ये पहिली पुडी आणि साठ हजारावी पुडी?’

‘एकसारखी. शेजारी ठेवली तरी कुठली आधीची ते कळणार नाही.’

‘मग तेच,’ अण्णा म्हणाले. त्यांनी परत काही विचारलं नाही. आज माझ्या वयाला मला वाटतं की त्या वर्षी कोणीही त्यांना काहीही एकसारखं राहील असं सांगितलं असतं, तरी त्यांनी ते घेतलं असतं.

देवधरांनी जाताना एक गोष्ट मागितली. वांगी रंगाचा नमुना. तुम्हाला जो रंग हवा तीच पुडी द्या, त्याच्यावरून शेड कार्ड होईल, त्यावर मालकाची सही होईल, आणि पुढे कारखान्यात कोणीही असलं तरी रंग त्या कार्डाबाहेर जाणार नाही. अक्का आतून म्हणाली, ‘वांगं नेऊ देत.’ देवधर म्हणाले, ‘वांग्याचं शेड कार्ड होत नाही हो, ते आठवड्यात सुकतं.’ तेव्हा अण्णांनी मला सांगितलं, ट्रंकेतून चांगल्या पाच-सहा काढून ठेव.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ट्रंक उघडली. अक्का झोपली होती, अण्णा बाहेर. एकशे एकतीस पुड्या. मी त्या व्हरांड्याच्या फरशीवर क्रमानं मांडल्या, दहा-दहाच्या ओळी, शेवटची ओळ अकराची. माझी सवयच तशी होती, ढीग दिसला की रांग लावायची. मांडून झाल्यावर उभी राहिले आणि बघितलं. एक ते एकशे एकवीस रंग जवळपास सारखा. किंचित इकडेतिकडे, हाताच्या कामात व्हायचा तेवढाच. एकशे बाविसावी थोडी निळसर. तेविसावी जास्त. शेवटची ओळ डावीकडून उजवीकडे वांग्यापासून निघून दौतीतल्या शाईपर्यंत गेली होती. एकेक पुडी हातात घेतली असती तर लक्षात आलं नसतं. रोज घरात असलेल्यांना तर नाहीच.

मग मी पुड्या उलट्या केल्या. आईच्या अक्षरात खेपेचा आकडा, आणि त्याच्याखाली बारीक काहीतरी. हे मी आधीही बघितलं होतं. वाया गेलेल्या पुड्यांची नोंद असेल असं समजत होते. शहाण्णवपर्यंत काही नाही. सत्त्याण्णवपासून एकशे आठपर्यंत ‘+१’. एकशे नऊपासून एकशे सोळापर्यंत ‘+२’. एकशे सतरापासून आईच्या शेवटच्या खेपेपर्यंत ‘+३’. मी फरशीवर बसले. आईचा एक आवाज कानात होता, अगदी रोजचा, कधी लक्ष देऊन न ऐकलेला: ‘अक्का, तू जा, स्वल्प कापी पिऊन ये. मी ढवळते.’ रंग तयार झाला की दर खेपेला. अक्का स्वयंपाकघरात जायची आणि आई पातेल्यात तांबड्या शाईची पळी घालायची. एक, मग दोन, मग तीन. दोन वर्षं, पंचवीस खेपा. मी बेरीज केली. बारा एके बारा, आठ दुणे सोळा, पाच त्रिक पंधरा. त्रेचाळीस पळ्या.

अक्काला रंग दिसत नव्हता. आईला ते माहीत होतं आणि तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं, अक्काला तर नाहीच. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी आम्हाला समजावलं की मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा आतपर्यंत पोचत नाही. वांगं तिला काळंच दिसत असणार, आणि त्या काळ्याशी जुळवायला ती निळा घालत गेली असणार. त्या दुपारी मला एवढं ठाऊक नव्हतं. फक्त आकडे समोर होते.

खरं आहे का ते पाहायचं ठरवलं. त्याच आठवड्यात एकशे बत्तिसावी खेप होती. अक्कानं वांगं ठेवलं, रंग केला, पळीवरून पातेल्यात ओघळ सोडून बघितला. मी म्हटलं, ‘अक्का, तू कापी पिऊन ये. मी ढवळते.’ ती माझ्याकडे बघत क्षणभर थांबली आणि गेली. मी तांबडी शाई घातली. एक पळी, ढवळलं. दोन. तीन. चौथीला रंग वांग्याशी जुळला. मी आईच्या जागी उभी होते, आईनं केलं ते केलं होतं, आणि मला काही झालं नाही. छातीत कापूस भरल्यासारखं होतं, गेले अकरा महिने होतं तसंच. पहिल्या पुडीमागे मी आकडा लिहिला आणि खाली ‘+४’.

आता खरं ते लिहिते. फक्त चार पळ्यांचा प्रश्न होता. मी अण्णांना म्हणू शकले असते, बावीस हजार घालवू नका, स्क्रीनवरच ठेवू, रंग मी बघते. दुकानाला एकसारखी पुडी मिळाली असती, पाऊच नंतर बघता आला असता, अक्काचं टेबल अक्काकडे राहिलं असतं. पण त्या रात्री मी अंथरुणावर पडून पुढचा हिशेब केला. वर्षातून बारा वेळा तिला कापीला पाठवायचं. चारच्या पाच होणार, पाचच्या सहा. माझं शिक्षण, माझं लग्न, आणि त्या पातेल्याशेजारी मी. आईनं हे दोन वर्षं केलं होतं. मला एका सकाळीत नको झालं. ग्रेव्हर झालं की रंग कारखान्याचा आणि मी मोकळी. आणि तिचे डोळे गेलेत हे मोठ्यानं सांगण्याचं धैर्य तर मुळीच नव्हतं. म्हणून मी गप्प बसले, आणि फ्लेक्सोबद्दलही परत बोलले नाही.

चौदा जुलैला सहा पुड्या मी टेबलावर मांडल्या. पहिली, साठावी, शंभरावी, एकशे एकविसावी, एकशे एकतिसावी आणि माझी एकशे बत्तिसावी. पाच बरोबर होत्या, एक निळी. निळी मी का ठेवली, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. बहुधा फरक कोणाच्यातरी, म्हणजे अण्णांच्या किंवा देवधरांच्या, नजरेला पडावा आणि मला बोलावं लागू नये म्हणून. अक्कानं आपण होऊन वांगं आणून ठेवलं होतं. देवधरांनी फॉर्म काढला. अण्णा म्हणाले, ‘अक्का, रंग तुझा. तू दाखव.’

हे मला अपेक्षित नव्हतं.

अक्कानं एकेक पुडी उचलून खिडकीशी नेली. पहिली ठेवली. ‘तांबूस झालीय, जुनी आहे.’ साठावी, शंभरावी, तसंच. आईची शेवटची हातात घेऊन जरा थांबली आणि तीही ठेवली. माझी घेतली. ‘हीपण तांबूस. तू ढवळलेली ना?’ मग एकशे एकतिसावी उचलली, वांग्याशेजारी धरली आणि तिचा चेहरा सैल झाला. ‘ही. बघा कशी बरोबर जुळते.’

देवधर पुडीकडे, मग वांग्याकडे, मग आम्हा तिघांकडे बघत राहिले. ‘ही... निळी ना?’

‘निळी काय हो? वांगी आहे. तुमच्या पुण्यात वांगी मिळत नाहीत काय?’

बाहेर फुलवाली ओरडत गेली. अण्णांनी पुडी बघितली. मग माझ्याकडे बघितलं, नीट, बराच वेळ, आणि मला कळलं की त्यांना आत्ता दिसलं आहे. मला एक वाक्य बोलायचं होतं. तोंडात जीभ होती, वाक्य तयार होतं, आणि मी टेबलाच्या कडेचा एक सुटलेला पापुद्रा बोटानं दाबत बसले. देवधर म्हणाले, ‘साठ हजार छापायच्या आहेत, साहेब. एकदा खात्री करा.’

‘सरी, ठीक आहे,’ अण्णा म्हणाले. ‘ती म्हणते तोच.’ आणि सही केली. मी अकरा हजार मोजून दिले. अण्णांनी वांगं उचलून आत नेलं.

माझ्या आत्ताच्या इमारतीत, बेळ्ळंदूरला, नागपूरहून आलेली एक मुलगी नाचणीच्या चकल्या करते. परवा ती पाकिटांचे दर घेऊन माझ्याकडे आली होती. आता डिजिटल आहे, ठसा नाही, सिलिंडर नाही, शंभर पाऊचसुद्धा छापून मिळतात, रंग आवडला नाही तर पुढच्या शंभरात बदला. मी तिला दरांचा तक्ता करून दिला. तिनं विचारलं, ‘काकू, तुमच्या वेळी कसं होतं?’ मी म्हटलं, तेव्हा चूक किमान दोनशे किलोची करावी लागे. ती खूप हसली.

पाऊच गणपतीच्या आधी आले. गोणपाटात गुंडाळलेले, शाईच्या वासाचे, सगळे निळे. अक्षरं इतकी रेखीव की अक्काची वाटी आपलीच वाटेना. दुकानाच्या मॅनेजरनं फळीवर रांग लावून बघितली आणि तो प्रसन्न झाला. एकाही गिऱ्हाइकानं रंगाबद्दल विचारलं नाही. आईचं वर्षश्राद्ध झालं. अक्काचं टेबल पाऊचची तोंडं चिकटवायच्या मशीनखाली गेलं. खर्र, टक् थांबलं आणि छपाईचा दिवस नसल्यामुळे वांग्याची भाजीही थांबली. अण्णांनी भाजीची चौकशी केली नाही. अक्का दिवसभर व्हरांड्यात बसायची. सप्टेंबरात तिनं मिठाच्या जागी पापडखार घातला, नोव्हेंबरात पायरी चुकली. तेव्हा अण्णा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. फेब्रुवारीत एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, एप्रिलमध्ये दुसऱ्याचं. अण्णांनी आठ-आठ हजार रुपये भरले.

दुसरी पट्टी निघाली त्या दिवशी रिक्षातून येताना ती सगळ्या पाट्या वाचत आली. घरी आल्यावर मशीनवरचा पाऊच उचलला. स्वयंपाकघरात गेली, परडी चाळवली, वांगं नव्हतं. पिशवी घेऊन स्वतः कोपऱ्यापर्यंत गेली आणि एक वांगं घेऊन आली. ते आणि पाऊच शेजारी ठेवून बसली. मग ट्रंकेची कडी वाजली. मी आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाही. तासाभरानं तिनं हाक मारली.

‘सुमा. एकशे बत्तिसावीवर ‘+४’ तुझ्या अक्षरात आहे.’

‘हो.’

‘म्हणजे सहीच्या आधी तुला माहीत होतं.’

‘हो.’

‘कापी प्यायला पाठवायची मला ती. मला वाटायचं, दमलेली दिसते म्हणून.’ ती पुड्या परत क्रमानं लावत होती, मी लावल्या असत्या तशाच. ‘किती घातलं तिनं सगळं मिळून? तू बेरीज केली असशीलच.’

‘त्रेचाळीस पळ्या.’

‘आणि तुझ्या चार. सत्तेचाळीस.’ तिनं ट्रंक बंद केली. मी का बोलले नाही हे ती विचारेल म्हणून मी उभी राहिले. तिनं विचारलं नाही. म्हणाली, ‘भाजी चिर. अण्णा येईल एवढ्यात.’

साठ हजार पाऊच जुलैत संपले, हिशेबाप्रमाणे. दुसऱ्या छपाईचं ठरवायला देवधर परत आले. तेच टेबल, तीच चार माणसं. सिलिंडर तेच चालणार होते, फक्त मालाचे पैसे, आणि शेड तीच ठेवायची ना, असं त्यांनी विचारलं. अक्कानं चष्मा लावला आणि त्यांच्यासमोर एकशे एकविसावी पुडी ठेवली, उलटी नाही, सुलटी. ‘ही. तुमच्या निळ्यात तांबडा घाला.’ देवधरांनी पुडी बघितली, मग तिच्याकडे बघितलं आणि निळ्याबद्दल काही बोलले नाहीत, याबद्दल मी त्यांना आजही मानते. शाई नव्यानं जुळवून नवं शेड कार्ड करायचं म्हणजे सहाशे रुपये वेगळे पडतील, एवढंच म्हणाले.

अण्णांनी खिशात हात घातला. ‘ठेव तू,’ अक्का म्हणाली. तिनं कमरेचा बटवा सोडला आणि शंभराच्या सहा नोटा एकेक करून टेबलावर ठेवल्या. देवधरांनी पावतीपुस्तक काढलं.

‘पावती कोणाच्या नावानं करू? अण्णांच्या?’

‘शारदा लिहा.’

‘या कोण?’

‘भावजय माझी. रंग तीच बघायची.’

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. देवधरांनी लिहिलं. रोख सहाशे रुपये, रंग जुळवण्याचे, देवधरांच्या कारखान्याला मिळाले. पावती आईच्या नावाची.